रमाबाईंची भाकरी आणि आपला 'आमिष' हा प्रश्न

गेल्या आठवड्यात शहागंजच्या घड्याळापाशी चहा घेताना एका ज्युनियरनं मला त्याचा सिनॉप्सिस दाखवला. पेट पास झालेला, गाईड मिळालेले, आता शीर्षक पक्कं करायचं होतं. शीर्षक होतं : 'ख्रिस्ती मिशनांची गरिबांची सेवा : श्रद्धा की आमिष?' मी विचारलं, हा प्रश्न तुझा आहे का? तो म्हणाला, "नाही ताई, सगळे हाच विचारतात म्हणून घेतला." मग जरा थांबून म्हणाला, "आम्हाला गावात अजून म्हणतात ना, पोटासाठी बाटलेले."

तो जालना जिल्ह्यातला. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्या भागातला. म्हणजे ज्या शब्दानं त्याच्या पणजोबांना हिणवलं, त्याचंच सभ्य रूप त्यानं स्वतःच्या प्रबंधाला शीर्षक म्हणून लावलं होतं. आपण सगळेच हे करतो. प्रश्न उसना घेतो आणि उत्तर शोधायला पाच वर्षं घालवतो.

तर आज या उसन्या प्रश्नाबद्दल. त्यासाठी बेथेल बाजूला ठेवते आणि जिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय ती व्यक्ती घेते : पंडिता रमाबाई. वाचायचे आहेत तिचे दोन इंग्रजी मजकूर. एक १८९७ चा, दुष्काळाच्या आठवणींचा. दुसरा १९०७ चा, 'अ टेस्टिमनी' या नावाचा, म्हणजे साक्ष. आणि त्यासोबत अभ्यासकांनी तिचं काय केलं तेही पाहायचं आहे.

आधी मजकूर. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून जवळपास तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या जमिनीवर 'मुक्ती' उभी राहिली. त्यासाठी पैसा लागत होता, तो इंग्लंड-अमेरिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या ख्रिस्ती वाचकांकडून यायचा, आणि हे लेखन त्यांच्यासाठी आहे. संशोधक म्हणून पहिली खूण इथेच करा : हे मदतीचं आवाहन आहे. करुणा जागी करणं हा त्याचा उद्देश आहे. पण म्हणून ते खोटं ठरत नाही. आपल्याकडे एक घाईची सवय आहे. मिशनचा अहवाल दिसला की 'प्रचारकी' असा शेरा मारायचा आणि पुढे जायचं. मग त्याच काळातले सरकारी दुष्काळ-अहवाल आपण बिनदिक्कत आकड्यांसाठी का वापरतो? त्यांनाही काही लपवायचं आणि काही दाखवायचं असतंच की.

आवाहनात लिहिणारी स्वतःबद्दल काय सांगते ते बघा. दुष्काळपीडित मुलींबद्दल लिहिताना रमाबाई वीस-बावीस वर्षं मागे जातात, १८७४ च्या आसपास, स्वतःच्या उपासमारीकडे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, विद्वान ब्राह्मण, कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं. साठवलेलं धन दानधर्मात गेलं, मग दागिने, भांडी, कपडे विकले, आणि एक दिवस काहीच उरलं नाही. मजुरी कुणाला येत नव्हती आणि भीक मागायला जात आड येत होती. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा भाऊ म्हणाला, मी हमाली करीन. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण.

आईचा शेवट रायचूरला झाला. रायचूर तेव्हा निजामाच्याच राज्यात, आपल्या औरंगाबादसारखंच. तापात आईनं बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात गेल्या, आणि तिथे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पुराणं तोंडपाठ असलेल्या मुलीची जीभ 'भाकर द्या' म्हणायला वळेना. भाकरी मिळाली, पण आईला ती खाता आली नाही. ती गेल्यावर खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर धरली.

मला हा प्रसंग या लेखनाचा कणा वाटतो. जिला एकदा भाकरी मागता आली नाही, ती पुढे पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांसाठी जगभर मागत राहिली. आवाहन या लेखनप्रकाराकडे असं पाहिलं की त्याची भाषा बदलून दिसते. यात मागणं आहे, पण मागणारीला मागण्याची लाज काय असते ते ठाऊक आहे.

आता दुसरा मजकूर, १९०७ ची साक्ष. इथे श्रद्धा आणि सेवा यांचा क्रम महत्त्वाचा आहे. नेहमीची समजूत अशी की आधी धर्म येतो आणि मग धर्म सांगतो म्हणून माणूस सेवा करतो. रमाबाई उलटं सांगतात. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनजवळच्या फुलहॅमला, समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी चाललेलं जोगिणींचं काम पाहिलं. या बायकांशी कुणी असं प्रेमानं का वागावं, हा त्यांचा प्रश्न. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांच्यासाठी सेवा हाच पुरावा होता. ती सेवा त्यांना स्वतःला मिळत नव्हती, त्या ती दुरून पाहत होत्या. इथे आमिषाची कल्पना लागूच होत नाही.

आणि बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या असंही नाही. सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी त्यांचा पत्रव्यवहार (१९७७ मध्ये ए. बी. शहांनी संपादित केला) जरूर वाचा. चर्चच्या अधिकाराला विचारलेले प्रश्न त्यात पानोपानी आहेत.

आता अभ्यासक. उमा चक्रवर्तींचं 'रीरायटिंग हिस्टरी' आणि गौरी विश्वनाथन यांचं 'आउटसाइड द फोल्ड' ही दोन्ही १८९८ च्या नव्हे, १९९८ ची पुस्तकं (हा आकडा मी स्वतः नोट्समध्ये चुकवला होता, म्हणून सांगते). मीरा कोसंबींनी रमाबाईंचं लेखन शोधून, अनुवादून आपल्या हातात दिलं. या तिघींचं ऋण मोठं आहे. 'हिंदूंशी दगा करणारी' या प्रतिमेतून रमाबाईंना त्यांनी बाहेर काढलं. धर्मांतर ही विचारपूर्वक केलेली असहमती असू शकते, हे विश्वनाथन यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पण माझी तक्रार आहे. या अभ्यासाचं वजन १८८० च्या दशकातल्या रमाबाईंवर पडतं : 'स्त्रीधर्मनीति' लिहिणारी, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिणारी, सुधारकांशी आणि बिशपांशी वाद घालणारी. केडगाव येतं, पण बऱ्याचदा उताराचा भाग म्हणून, जणू तल्लख बाई शेवटी भक्तीत हरवली. मला हे मान्य नाही. १८८७ च्या पुस्तकाचं नावच 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री'. १८८९ ला सुरू झालेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. १८९३ च्या वादळात पालकांनी पंचवीसेक मुली काढून घेतल्या, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतरच्या दुष्काळानं दाराशी ज्या मुली आणल्या त्यांची जात विचारायला वेळ नव्हता. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंचा पुस्तकी प्रश्न जातीची चौकट ओलांडून गेला तो इथे, वादविवादात नाही.

मग हा भाग अभ्यासकांना फिका का वाटतो? मला वाटतं, कारण आपण स्वतः वाद घालून पोट भरणारी माणसं आहोत. वाद घातला की लेख उरतो. जेवू घातलं तर किराणा हिशोबाची वही उरते, आणि ती कुणी जपून ठेवत नाही.

दुसऱ्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर हीसुद्धा भक्तीच होईल. दहा वर्षांची उपाशी पोर बाप्तिस्म्याला 'हो' म्हणते तेव्हा त्या 'हो'चं मोल काय? जी जेवण देते तीच प्रार्थनेला बसवते. रमाबाईंच्या मनात फसवणूक नव्हती हे मान्य केलं तरी दोघींच्या ताकदीतला फरक मिटत नाही. त्यांनी लिहिलंय की अनाथगृहांच्या आणि मदत-छावण्यांच्या आसपास मुलींना पळवणारी माणसं फिरत होती, आणि मुलींपुढचा खरा पर्याय तो होता. हे उत्तर वजनदार आहे, पण पुरेसं नाही. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं धर्मजागरण झालं, मुली तासन्‌तास मोठ्यानं प्रार्थना करत, रडत. त्यांच्यासाठी ते मोकळं होणं होतं की दबाव, हे ठरवायला त्यांचं स्वतःचं म्हणणं लागेल. छापील अहवालांत त्या मुली बहुतेक संख्येत किंवा आदर्श गोष्टीत येतात. माझ्या मते या लेखनाचा खरा दोष हा आहे, आणि तो 'श्रद्धा की आमिष' या प्रश्नाला दिसतच नाही, कारण तो प्रश्नही फक्त देणाऱ्याच्या मनात डोकावतो. घेणारीला तोही विचारत नाही.

इथे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शेजारी ठेवून वाचा. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणाऱ्या सोवळ्या वडिलांची मुलगी, आणि परक्या पोरांना घरी आणणारा नवरा. सेवा म्हणजे स्वयंपाकघरात काय घडतं, कुणाची चिडचिड होते, हात कुठे अडखळतो, हे त्या हसत हसत सांगतात. ते आवाहन नाही, त्यात कुणाकडून वर्गणी यायची नाही, म्हणून सेवा करणाऱ्याची किंमतही त्यात दिसते. दोन लेखनप्रकार, दोन प्रकारचं मौन. दोन्ही हाताशी ठेवल्याशिवाय या विषयावर लिहू नये, असं माझं मत.

आणि 'बाटणे' या शब्दाबद्दल. आपलं शहर नागसेनवनाचं. इथल्या विद्यार्थ्याला धर्म बदलणं म्हणजे माणसानं आपली मान ताठ करणं, हे १९५६ पासून ठाऊक आहे. तरी शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मांग-महार ख्रिस्ती कुटुंबाचा विषय आला की तोच विद्यार्थी 'पोटासाठी' म्हणतो. भुकेलेल्या माणसाला पोटासोबत डोकंही असतं, एवढं तरी गृहीत धरायला नको का? एखाद्यानं भाकरीसाठी पाऊल उचललं असेल आणि पुढे दोन पिढ्यांनी ती श्रद्धा मनापासून आपली केली असेल, तर सुरुवात बघायची की पुढचं आयुष्य?

मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल होतं, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक पुरं बाहेर आलं ते त्यानंतर. ज्या उपाशी आल्या होत्या त्यांनी अक्षर न् अक्षर उचलून ओळी लावल्या. त्यांचं म्हणणं कुठे शोधायचं याचा एक माग मला इथे दिसतो, नोंदवह्यांत, छापखान्यात, त्यांच्या नातवंडांच्या घरी.

ज्युनियरला मी हे सगळं सांगितलं नाही, चहा तेवढा मोठा नव्हता. एवढंच म्हणाले की तुझ्या आजीला विचार, तिची आजी ख्रिस्ती झाली त्याबद्दल घरात काय सांगतात. परवा त्याचा फोन आला. आजीनं दोन तास सांगितलं, त्यानं रेकॉर्ड केलं, आणि भाकरीचा उल्लेख एकदाच आला. जास्त वेळ ती विहिरीबद्दल बोलत होती. शीर्षक अजून ठरलेलं नाही. गाईडनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.