गिलच्या काचेवरचं लोणार

रॉबर्ट गिल आपल्याला ठाऊक असतो तो अजिंठ्यामुळे आणि पारो या स्थानिक तरुणीवरच्या त्याच्या प्रेमाच्या कहाणीमुळे. 1844पासून त्याने रंगवलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतींपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. उरली ती त्याची छायाचित्रं. 1860च्या दशकात त्याने लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची घेतलेली छायाचित्रं मला त्याच्या साऱ्या कामात सर्वांत मोलाची वाटतात.

आधी आकाश पाहावं. ते कोरं पांढरं आहे. तेव्हा छायाचित्र ज्यावर घेत, ती कलोडियन या द्रावाचा ओला लेप दिलेली काच निळ्या रंगाला फार हळवी. दगड नीट उमटेपर्यंत आकाश पार उजळून जाई. एरवी हा दोषच. पण दैत्यसूदनावर पूर्ण शिखर नाही, आणि त्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर माथ्याची तुटक कड इतकी स्वच्छ उठते की वर काय असायला हवं होतं, ते डोळा आपणच शोधू लागतो.

आता भिंतीकडे या. मंदिराचा तलविन्यास तारकाकृती आहे. भिंत सरळ धावत नाही. कोन पुढे येतो, मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. यादवकाळातल्या कारागिरांनी असे कोन पाडले, कारण काळा बेसाल्ट स्वतःहून फारसं बोलत नाही, त्याला सावली लागते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जेकार्ड मागावर विणलेला एकरंगी टॉवेल हातात घेऊन बघा. सूत एकच, रंग एकच. नक्षी दिसते ती केवळ उंच-सखल विणीवर तिरपा उजेड पडला म्हणून. इथेही तसंच आहे. छायाचित्र ज्यावर छापलं त्या अल्ब्युमिन कागदाच्या तपकिरी छटेत प्रत्येक कोनाची एक बाजू उजळ, दुसरी गडद, आणि अधिष्ठानाचे, म्हणजे जोत्याचे, आडवे थर त्या उभ्या पट्ट्यांना खालून घट्ट बांधून ठेवतात. बारीक मूर्ती ओळखू येवोत न येवोत, भिंतीची लय चुकत नाही. इतकी वर्षं भिंतींवरची चित्रं निरखलेला डोळाच उजेडाची अशी निवड करतो.

हे सारं घाईत साधायचं होतं, हेही ध्यानात ठेवावं. काचेवर द्राव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि सुकण्याआधी ते अंधारात उमटवायचं. तेही बुलढाण्याकडच्या उन्हात.

पण गिलचं खरं कसब जोडचित्रांत आहे. 1864 साली लंडनला त्याच्या शंभर जोडचित्रांचं पुस्तक निघालं, वर्णनाला वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनची साथ होती. दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेली दोन चित्रं शेजारीशेजारी, आणि पाहायला दोन भिंगांची चौकट. तारकाकृती मंदिराला याहून योग्य साधन नव्हतं. एकट्या चित्रात कोन मोजावे लागतात. जोडीत ते अंगावर येतात. आजच्या पुस्तकांत मात्र जोडीतलं एकच चित्र छापण्याची रीत आहे, आणि तिथे गिलचं निम्मं काम वाया जातं.

म्हणून जोडी मिळाली तर ती सोडू नये. भिंगं नसली तरी चालतं. कागद हातभर अंतरावर धरून नजर सैल सोडावी, दोन्ही चित्रं एकमेकांत सरकू द्यावीत. मध्ये तिसरं चित्र जमलं की आधी जोतं पुढे येतं, मग एकेक कोन सुटा होतो आणि कोनांमधल्या खाचा खरोखरीच्या खोल होतात.