‘रूळ आहेत, मग लोकल का नाही?’ : एका लाडक्या युक्तिवादाची उलटतपासणी

वाहतूक, नगररचना किंवा भूगोल घेऊन संशोधनाची तयारी करताय आणि ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्टा निवडलाय? मग एक वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये येण्याची दाट शक्यता आहे: ‘दिवा-वसई मार्ग पडून आहे, तिथे लोकल सुरू केल्यास गर्दीचा प्रश्न सुटेल.’ वर्तमानपत्रांत, निवेदनांत, प्रवाशांच्या गप्पांत हे वाक्य सतत भेटतं. मागणी रास्त आहे, असं मलाही वाटतं. पण युक्तिवाद म्हणून हे वाक्य कच्चं आहे. कुठे कच्चं आहे ते बघू.

‘पडून आहे’ म्हणजे काय?

तीन वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो. पहिली, रूळही गेले आणि जागाही गेली. कुर्ल्यावरून ट्रॉम्बे आणि अंधेरी जोडणारी सॉल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे 1928 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंद पडली. कलिन्याच्या सीएसटी रोडच्या नावात तेवढी तिची खूण उरली आहे. उपनगरांना पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे परत मिळायला 2014 ची घाटकोपर-वर्सोवा मेट्रो यावी लागली, तीही खांबांवरून. दुसरी, गाडी थांबली पण मार्ग ओळखू येतो, जशी विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’. आणि तिसरी, मार्ग व्यवस्थित चालू आहे, फक्त आपल्यासाठी नाही.

दिवा-वसई या तिसऱ्या प्रकारात मोडतो. साधारण 42 किलोमीटरच्या या मार्गावर कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र ही स्टेशनं आहेत. मेमू गाड्या दिवसाला मोजक्याच. पण जेएनपीटीहून गुजरात आणि उत्तरेकडे जाणाऱ्या कंटेनरच्या मालगाड्या इथूनच धावतात. म्हणजे फलाट रिकामा दिसतो म्हणून रूळ रिकामे आहेत असं होत नाही. रिकामी जागा शोधायची ती टाइमटेबलात.

याचा पुरावा जवळच आहे. पनवेल-कर्जत दरम्यान एकेरी मार्ग आधीपासून होता. तरी तिथे लोकल चालवायची म्हणून एमयूटीपी-3 मध्ये उपनगरी गाड्यांसाठी वेगळा दुहेरी मार्ग घ्यावा लागला. ‘रूळ आहेतच’ एवढ्यावर काम भागलं असतं, तर हा खर्च कशाला केला असता?

‘प्रवासीच नाहीत’ हेही तितकंच कच्चं

आता दुसरी बाजू. जादा गाड्यांची मागणी झाली की उत्तर येतं, ‘आहे त्या गाड्यांना प्रतिसाद कमी आहे.’ हे तर गोल गोल फिरणं झालं. गाडी नाही म्हणून माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणून गाडी नाही. दोन गाड्यांमध्ये काही तासांचं अंतर असेल, तर त्या गाडीने तोच जातो ज्याचं आयुष्य त्या टाइमटेबलात बसतं.

म्हणून सर्व्हेसाठी भिवंडी रोडच्या फलाटावर फॉर्म घेऊन उभे राहू नका. तिथे तुम्हाला फक्त गाडी सोयीची पडलेली माणसं भेटतील. ज्यांना ती सोयीची नाही, ती अंजूरफाट्याच्या शेअर रिक्षात, एसटीत आणि बाइकवर आहेत. गोदामं आणि यंत्रमागांची शिफ्ट सुटते तेव्हा तिथे जा. सॅम्पल चुकलं की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

अंदाज किती चुकू शकतो, याचं एक चांगलं उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. 1969 मध्ये बंद झालेल्या मार्गाचा एक भाग 2015 मध्ये ‘बॉर्डर्स रेल्वे’ म्हणून पुन्हा सुरू झाला. पहिल्या वर्षासाठी साधारण साडेसहा लाख फेऱ्यांचा अंदाज होता. झाल्या 12 लाखांच्या वर. पण इथेच थांबू नका. टोकाच्या गावांत अंदाजापेक्षा कितीतरी जास्त प्रवासी आले, तर एडिनबराजवळच्या काही स्टेशनांवर सुरुवातीला अंदाजाइतकेही आले नाहीत. नुसत्या बेरजेकडे पाहिलं असतं तर हे लपूनच राहिलं असतं. म्हणून आकडे नेहमी स्टेशननिहाय मागा.

गर्दीचा प्रश्न सुटेल?

9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जाताना प्रवासी खाली पडले. किमान चार जण दगावले. तेव्हा इथे ‘गर्दी’ हा शब्द जपूनच वापरायला हवा.

डोंबिवलीहून वसईला दादरमार्गे जायचं तर साधारण 80 किलोमीटर पडतात. कोपरहून थेट गेलं तर जवळपास निम्मे. अशा प्रवाशाला थेट गाडी मिळाली तर तो मुंब्र्याच्या गर्दीतून नक्की बाहेर पडेल. पण ठाणे, घाटकोपर, दादर, सीएसएमटीला जाणाऱ्याला दिवा-वसईचा काय उपयोग? पहिल्या प्रकारचे प्रवासी किती, हे मोजल्याशिवाय ‘प्रश्न सुटेल’ लिहिणं म्हणजे अपघाताचा आधार घेऊन आपला मुद्दा पुढे ढकलणं. माणसं जिवानिशी जातात तिथे तरी हे करू नये.

मग प्रश्न कसा विचारायचा?

हा विषय सोडून द्या, असं मी म्हणत नाहीये. उलट आत्ताच त्यात हात घालण्यासारखी परिस्थिती आहे. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा-जेएनपीटी हा टप्पा खारबाव आणि निळजे भागातूनच जातो. मालगाड्या तिकडे वळल्या की जुन्या मार्गावर जागा मोकळी होईल. ती कोणाला द्यायची, हा खरा निर्णय आहे. गप्प बसलो तर तिथे आणखी मालगाड्या येतील. शिवाय मेट्रो 5 च्या आराखड्यात अंजूरफाटा स्टेशन आहे आणि भिवंडी रोडही त्याच परिसरात आहे. दोन्हींमध्ये चालत जायची नीट वाट असेल का, हा एकच मुद्दा एका शोधनिबंधाला पुरेल. दिवा मध्य रेल्वेत आणि वसई रोड पश्चिम रेल्वेत, त्यामुळे टाइमटेबल कोण ठरवणार, हा आणखी एक.

म्हणून ‘लोकल सुरू करावी का?’ हे शीर्षक खोडा. त्याऐवजी असं लिहा: ‘सकाळी 7 ते 10 दरम्यान कोपर-वसई दर 20 मिनिटांनी गाडी द्यायची तर किती मालगाड्या हलवाव्या लागतील, आणि ती गाडी कोणाला उपयोगी पडेल?’ याचं उत्तर ‘जमणार नाही’ असंही येऊ शकतं. तसं आलं तर तसंच लिहा. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर ते निवेदन झालं, संशोधन नाही. निवेदनंही लागतात, पण त्यासाठी पाच वर्षं घालवायची गरज नाही.