सेसिल मृदेचे वर्गीकरण : एक चिकित्सा

अमेरिकेच्या आग्नेय भागात ॲपलेशियन पर्वतरांग आणि अटलांटिक किनाऱ्याचे मैदान यांच्या दरम्यान पीडमाँट नावाचा उंचसखल प्रदेश आहे. या प्रदेशातील टेकड्यांच्या माथ्यांवर आणि उतारांवर जी खोल, उत्तम निचऱ्याची लाल माती आढळते, तिला मृदाशास्त्रात सेसिल मृदामालिका म्हणतात. नॉर्थ कॅरोलिना राज्याची मृदा म्हणून ती ओळखली जाते आणि अल्टिसॉल या मृदागणाचे उदाहरण म्हणून ती वारंवार दिली जाते. प्रस्तुत लेखात या मृदेच्या वैशिष्ट्यांचा परामर्श घेऊन तिला लाभलेल्या वर्गनामाची चिकित्सा केली आहे. हे नाव शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो या अचूकतेत काय सामावले जाते आणि काय बाहेर राहते, याचा.

सेसिलची मूळ शिळा ग्रॅनाइट, नाइस यांसारखी, सिलिकाचे प्रमाण अधिक असलेली आहे. उष्ण व दमट हवामानात तिचे जागच्या जागी दीर्घकाळ विदारण होऊन ही मृदा तयार झाली. मृदाछेद उघडला असता वरती तपकिरी, वाळूमिश्रित पोयट्याचा थर दिसतो. त्याखाली लाल चिकणमातीचा जाड थर लागतो. हा रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा. चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट प्रकारची असल्याने ती आपल्या काळ्या रेगुरासारखी फुगत नाही आणि उन्हाळ्यात तिला मोठ्या भेगा पडत नाहीत. आणखी खोल गेल्यास सॅप्रोलाइट हा कुजलेल्या खडकाचा थर येतो. त्यात मूळ शिळेची रचना डोळ्यांना स्पष्ट दिसते, परंतु हातात घेतल्यावर तो चुरतो. कठीण खडक साधारणतः सहा फुटांच्या खालीच असतो. सतत झिरपणाऱ्या पाण्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे पोषक घटक धुऊन नेलेले असतात. त्यामुळे मृदा आम्लधर्मी बनते आणि चुना व खतांचा आधार मिळाला तर चांगले पीक देते.

या मालिकेची नोंद १८९९ मध्ये मेरिलँड राज्यातील सेसिल काउंटीत झाली, म्हणून हे नाव. गंमत अशी की, आजच्या व्याख्येनुसार सेसिल मृदेचे सरासरी वार्षिक तापमान १५ ते २२ अंश सेल्सियस या पट्ट्यात असावे लागते. मेरिलँडची माती त्याहून थंड असल्याने जन्मगावीच सेसिलला आता जागा उरलेली नाही.

अमेरिकन कृषी खात्याची मृदा वर्गीकरण पद्धती १९६० च्या 'सातव्या आसन्न आराखड्या'तून आकारास आली आणि १९७५ मध्ये 'सॉइल टॅक्सॉनॉमी' या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सेसिलचे आजचे नाव 'टिपिक कॅनहॅप्लुडल्ट' असे आहे. हे नाव शेवटाकडून वाचावे. 'अल्ट' म्हणजे अल्टिसॉल, क्षालनाच्या अखेरच्या टप्प्यास पोहोचलेली मृदा. 'उड' हा दमट हवामानाचा निर्देश. 'हॅप्ल' म्हणजे साधी, आणि 'कॅन' म्हणजे कँडिक, अर्थात ज्या थरातील चिकणमातीची पोषक आयन धरून ठेवण्याची क्षमता अल्प आहे असा थर. ही क्षमता चिकणमातीच्या प्रत्येक किलोग्रॅममागे १६ सेंटिमोल किंवा त्याहून कमी असावी, असा निकष आहे. कमी क्रियाशील चिकणमातीसंबंधीची ही दुरुस्ती १९८६ मध्ये पद्धतीत आली आणि १९८८ मध्ये सेसिलचे वर्गनाम बदलण्यात आले. तोवर ती 'टिपिक हॅप्लुडल्ट' होती.

एक अक्षर वाढले, ते प्रयोगशाळेतील एका मोजमापामुळे. जमिनीत त्या वर्षी काहीच घडले नव्हते. याउलट त्याआधीच्या दीड-दोन शतकांत जमिनीत फार काही घडून गेले होते. त्याची खूण मात्र या नावात कोठेही नाही.

पीडमाँटमध्ये कापूस, तंबाखू आणि मका यांची शेती उतारांवर, बांधबंदिस्तीचा फारसा विचार न करता झाली. एक शेत थकले की जंगल तोडून दुसरे करावयाचे, अशी रीत होती. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७०० ते १९७० या काळातील धुपीचा आढावा घेतला. दक्षिण पीडमाँटमधून सरासरी सुमारे सात इंच, म्हणजे जवळजवळ १८ सें.मी. माती वाहून गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही सरासरी आहे. ओघळी व घळी पडल्या तेथील हानी कितीतरी अधिक. लाल थर एकदा कापला गेला की खालचा सॅप्रोलाइट पाण्यापुढे टिकाव धरत नाही, आणि घळ झपाट्याने खोल होते.

सॉइल टॅक्सॉनॉमीत पृष्ठथराची परीक्षा करताना नांगरटीचा परिणाम बाजूला ठेवण्यासाठी वरची १८ सें.मी. माती मिसळून पाहण्याची तरतूद आहे. वाहून गेलेली सरासरी जाडी आणि ही मिसळण्याची जाडी एकच असणे हा योगायोगच. तथापि त्या योगायोगातून पद्धतीचा कल ध्यानी येतो.

हा कल अनवधानाने आलेला नाही. पद्धतीचे प्रमुख शिल्पकार गाय स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांची भूमिका स्पष्ट होती. जंगलाखालची मृदा आणि तिच्याच शेजारची नांगरलेली मृदा शक्यतो एकाच वर्गात राहावी, शेतकऱ्याच्या एका हंगामातील कृतीने वर्ग बदलू नये, म्हणून निकष पृष्ठभागाखालच्या थरांवर बेतले गेले. अल्टिसॉल ठरविण्यासाठी आम्लारी-संपृक्तता ३५ टक्क्यांहून कमी असावी लागते. ती मोजावयाची कोठे? साधारणतः चिकणमातीच्या थराच्या वरच्या सीमेखाली १२५ सें.मी. किंवा पृष्ठभागाखाली १८० सें.मी. यांपैकी जी पातळी उथळ असेल तेथे. चुना टाकून तेथवर सहजासहजी पोहोचता येत नाही. नकाशे तयार करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने ही भूमिका समर्थनीय आहे. दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या नावांवर कोणताही नकाशा उभा राहत नाही. परंतु ज्या युक्तीने चुन्याचा परिणाम दूर ठेवला, तिनेच धुपीचाही परिणाम दूर राहिला, हे मान्य करावे लागते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. धुपीची नोंद करण्याची सोय मृदा सर्वेक्षणात आहे. मालिकेखाली 'फेज' म्हणजे अवस्था नोंदविली जाते. उदाहरणार्थ, सेसिल वालुकामय चिकण पोयटा, अमुक टक्के उतार, मध्यम धूप झालेली. पृष्ठभागाचा पोतही येथे बदलतो, कारण वरचा वालुकामय पोयटा गेल्यावर नांगर खालच्या लाल चिकणमातीत फिरू लागतो. ही नोंद मोलाची आहे, हे निर्विवाद. मात्र फेज हा वर्गीकरणाचा स्तर नव्हे. ती नकाशाच्या सोयीसाठी जोडलेली पुरवणी आहे. पाठ्यपुस्तकात, राष्ट्रीय आकडेवारीत किंवा शोधनिबंधाच्या पद्धती-विभागात गण, महागट आणि कुल पोहोचतात, फेज वाटेत गळून पडते. दुसरे उदाहरण पॅकोलेट मालिकेचे. तिच्यात चिकणमातीचा थर सेसिलहून पातळ असतो. हे पातळपण दर वेळी धुपीमुळेच येते असे नाही. पण धुपीने पातळ झालेली सेसिल पॅकोलेटमध्ये गणली गेली, तरी कुलापर्यंतचे संपूर्ण वर्गनाम तंतोतंत तेच राहते.

'उत्तम निचऱ्याची' या विशेषणाचीही अशीच स्थिती आहे. निचरावर्ग हा मृदाछेदात पाणी किती काळ साचून राहते, यावर ठरतो. पडलेला पाऊस पृष्ठभागातून आत शिरतो की नाही, हे तो सांगत नाही. वरचा पोयटा गमावलेल्या सेसिलवर पावसाच्या माऱ्याने पापुद्रा धरतो, पाणी आत न मुरता उतारावरून धावते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन बिघडली. सर्वेक्षणाच्या लेखी निचरा पूर्ववत 'उत्तम'.

ह्यू हॅमंड बेनेट यांची कामगिरी या संदर्भात स्मरणीय ठरते. नॉर्थ कॅरोलिनाच्या अँसन काउंटीत जन्मलेल्या या मृदा सर्वेक्षकाने १९०५ मध्ये व्हर्जिनियातील लुइझा काउंटीत जंगलाखालची आणि शेजारची शेतीखालची जमीन ताडून पाहिली. एकाच प्रकारच्या या दोन जमिनींतील फरकावरून पाण्याच्या पातळ पत्र्याने होणारी धूप त्यांच्या ध्यानी आली. त्यांच्याच खात्याने १९०९ च्या एका पत्रिकेत मृदा ही अविनाशी संपत्ती असल्याचे म्हटले होते. बेनेट यांना ते मानवले नाही. १९२८ ची त्यांची पत्रिका आणि १९३५ मध्ये स्थापन झालेली मृदा संधारण सेवा ही त्या असहमतीची फळे होत. म्हणजे धुपीचा शोध सर्वेक्षणाच्या पोटातूनच लागला, आणि तरीही पुढे रचलेल्या वर्गीकरणात तिला पुरवणीचेच स्थान मिळाले.

खालचे थर स्थिर असतात, हे गृहीतकही पूर्णतः निरपवाद नाही. साउथ कॅरोलिनातील कॅलहून येथे जुन्या कापसाच्या शेतांवर लावलेल्या पाइनच्या जंगलात सेसिलच्याच जातकुळीतील मृदेचा दीर्घकाळ अभ्यास झाला. तीन दशकांत वाढत्या झाडांनी मातीतील विनिमयक्षम कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर शोषून घेतले आणि आम्लता वाढली, असे डॅनियल रिक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. रिक्टर आणि मार्कविट्झ यांचा २००१ मधील ग्रंथ मृदेचा बदल मानवी आयुष्याच्या मापात मोजण्याचा आग्रह धरतो. तो आग्रह योग्य आहे.

महाराष्ट्रातील अध्यापकांना हा विषय परका वाटू नये. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था हीच अमेरिकन पद्धती वापरते, आणि आपल्या विद्यार्थ्यांना व्हर्टिसॉल, अल्टिसॉल ही नावे तिच्यातूनच मिळतात. त्याआधी या भूमीवर दुसरी एक पद्धती राबविली गेली होती. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातील जमिनीची प्रतबंदी निश्चित केली. त्यात मातीचे तीन प्रकार, खोली हातांत, आणि प्रत आण्यांत. विशेष म्हणजे त्यात दोषांची यादी होती. उतार, वाळूचे मिश्रण, वाहत्या पाण्याने धुऊन जाण्याची शक्यता यांपैकी दोष आढळला की त्या जमिनीची प्रतच खाली येई. तो दोष वर्गाबाहेरच्या पुरवणीत जात नसे.

अर्थात प्रतबंदीचा हेतू सारा ठरविण्याचा होता. तिला आम्लता ठाऊक नव्हती, आयन-विनिमय ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय ती खोली मोजत असे जास्तीत जास्त पावणेदोन हात. सहा फुटांहून खोल असलेल्या सेसिलने सात इंच गमावले असते, तरी खोलीच्या रकान्यात एक आणाही कमी झाला नसता. तो कमी झाला असता केवळ दोषांच्या रकान्यात.