दृष्टिबाधित विद्यार्थी आणि मराठी टिपणे : एक चिकित्सा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार समावेशक शिक्षण हे शिक्षणसंस्थांचे दायित्व आहे. वाशिमसारख्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यात ही चर्चा बहुधा उपकरणांच्या किमतीपाशी थांबते. वस्तुतः संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य आहे. तिचे काम २००६ मध्येच सुरू झाले. खरा अडसर आपल्या टिपणांत आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसते, परंतु संगणकात त्याची नोंद रोमन चिन्हांची असते. परिणामी दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या कानी अर्थहीन ध्वनी पडतात. पानांची छायाचित्रे जोडून केलेली पीडीएफ तर मूकच राहते. अतएव स्मार्ट फलकाची मागणी करण्यापूर्वी प्राध्यापकांनी आपली टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. समावेशनाचे पहिले पाऊल हेच होय.