बेआत्रीचे : एका नांवाची निरुक्ति

कवीनें लावलेली व्युत्पत्ति आणि भाषाशास्त्रज्ञानें लावलेली व्युत्पत्ति यांचें क्वचितच जमतें. तपाला निघालेल्या पार्वतीला आईनें 'उ, मा' म्हणजे 'बाळे, नको' म्हणून अडविलें, त्यावरून तिचें 'उमा' नांव पडलें असें कालिदास 'कुमारसंभवां'त सांगतो. तेथें वैयाकरणाला विचारण्याचें रसिकाच्या मनांतही येत नाहीं. दान्तेच्या बेआत्रीचेसंबंधीं मात्र विचारावें लागतें. कारण तिच्या नांवाच्या अर्थावरूनच तिचें अस्तित्व नाकारण्यापर्यंत कित्येक टीकाकारांची मजल गेली आहे.

हें नांव लॅटिन 'बेआतुस' म्हणजे धन्य या शब्दाशीं जोडून दान्तेनें त्याचा अर्थ 'धन्य करणारी' असा घेतला. भाषापंडित सामान्यतः मूळ रूप 'व्हियाट्रिक्स' मानतात. त्याचा अर्थ वाटेनें चालणारी, प्रवासिनी. इहलोक ही परलोकाची वाट समजणाऱ्या जुन्या ख्रिस्ती लोकांना असें नांव आवडलें यांत नवल तें काय? पुढें 'बेआतुस'च्या सहवासानें 'व्ह'चा 'ब' झाला आणि प्रवासिनीची कल्याणी झाली.

आतां रूपकवादी म्हणतात, कल्याणी म्हणजे ईश्वरी ज्ञानच. हाडामांसाची स्त्री मुळांत नव्हतीच. हें आम्हांस पटत नाहीं. फ्लॉरेन्सच्या फोल्को पोर्तिनारीची जी कन्या १२९० मध्यें वारली, तीच ही, असें बोकाचोनें लिहिलें आहे. आणि बापाच्या मृत्युपत्रांत तिचें नांव 'बीचे' असें आहे. यमुनेची यमू व्हावी तसें हें घरगुती रूप. दान्तेनेंही 'व्हीता नुओव्हा'मधील एका सुनीतांत तिला बीचेच म्हटलें आहे. तत्त्वज्ञानाला कोणी लाडकें नांव ठेवीत नाहीं!

गंमत अशी कीं दान्तेनें बाजूला ठेवलेला प्रवासिनीचा अर्थच त्याच्या महाकाव्याला अधिक शोभतो. रानांत वाट चुकलेल्या कवीसाठीं ती स्वर्गांतून नरकाच्या उंबरठ्यापर्यंत उतरते, व्हर्जिलला त्याच्याकडे धाडते, आणि पुढें ग्रहगोलांतून त्याला स्वतः वर नेते. 'शोधनलोका'च्या तिसाव्या सर्गांत दोघांची भेट होते. तेथें ती गोड शब्द बोलत नाहीं, चांगली खरडपट्टी काढते. आणि आरंभींच त्याला नांवानें हांक मारते. शंभर सर्गांत 'दान्ते' हें नांव एवढें एकदांच आलें आहे. तेंही नाइलाजानें लिहावें लागलें, असें कवि संकोचानें लगेच सांगून टाकतो.