माफीचा साक्षीदार : सापडलेली चित्रफीत, हत्यासत्र आणि प्रेक्षकाचा सहभाग

‘सापडलेले हस्तलिखित’ ही कथनयुक्ती साहित्याला जुनीच आहे. लेखक स्वतःला केवळ संपादक म्हणवून घेतो आणि संहितेची जबाबदारी एखाद्या अनुपस्थित व्यक्तीवर सोपवतो. चित्रपटाने ही युक्ती रुग्जेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये (१९८०) ठळकपणे वापरली, ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नंतर (१९९९) ‘फाउंड फुटेज’ हा भयपटाचा एक स्थिर प्रकारच होऊन बसला. या प्रकारात चित्रण करणारा बहुधा स्वतः बळी असतो. सीरियल किलरविषयीच्या शाखेत मात्र कॅमेरा खुन्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या हाती असतो, आणि त्या कॅमेऱ्याच्या जागी बसलेल्या प्रेक्षकाचे स्थान आपोआपच संशयास्पद ठरते. पाहणारा हा गुन्ह्याचा भागीदार होय, हे विधान त्यामुळे समीक्षेत जवळजवळ गृहीत धरले जाते. प्रस्तुत निबंधाचा आक्षेप या गृहीताच्या खरेखोटेपणावर नसून त्याच्या सोयीस्करपणावर आहे.

भारतीय रसविचाराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत, प्रेक्षक स्वतःच्या किंवा परक्याच्या विशिष्ट देशकालात अडकून पडणे हे एक विघ्न आहे. पूर्वरंगादी नाट्यसंकेत हे विघ्न दूर करतात. मग साधारणीकरण घडते आणि भयानकाचाही आस्वाद घेता येतो. सापडलेल्या चित्रफितीचा भयपट नेमके हेच विघ्न हेतुतः निर्माण करतो. हलती चौकट, कोपऱ्यातील तारीख-वेळ, पार्श्वसंगीताचा अभाव या साऱ्यांतून ‘हे अमुक ठिकाणी, अमुक दिवशी खरोखर घडले’ असा आग्रह धरला जातो. येथे सहृदयाचा साक्षीदार होतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या प्रकारचा साक्षीदार?

मराठीत यासाठी एक नेमकी संज्ञा आहे : माफीचा साक्षीदार. गुन्ह्यात सहभागी असलेल्या किंवा त्याची माहिती असलेल्या व्यक्तीला, तिने संपूर्ण व सत्य कथन करावे या अटीवर माफी देण्याची तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६मध्ये होती. १ जुलै २०२४पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३मध्ये आहे. ही माफी सशर्त असते. काही दडवल्यास ती गमावली जाते, आणि अशा साक्षीला स्वतंत्र पुराव्याचा आधार असावा अशी न्यायालयांची अपेक्षा असते. पुण्यात १९७६-७७मध्ये घडलेल्या जोशी-अभ्यंकर हत्यासत्रात आरोपींच्या एका साथीदाराला असे माफीचे साक्षीदार करण्यात आले. चौघांना १९८३मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्या घटनांवर आधारलेल्या राजदत्तांच्या मराठी चित्रपटात (१९८६) प्रमुख खुन्याची भूमिका नाना पाटेकरांनी केली. चित्रपटाचे नाव मात्र ‘माफीचा साक्षीदार’ असेच आहे. तो चित्रफितीच्या प्रकारातला नव्हे, तथापि त्याच्या शीर्षकाने प्रस्तुत विषयाची गुरुकिल्ली दिली आहे. खुनी आणि निरपराध यांच्यामधली जी जागा, ती या चित्रपटांच्या प्रेक्षकाची जागा आहे.

ही माफी दोन प्रकारे दिली जाते. ज्युलियन रिचर्ड्स यांच्या ‘द लास्ट हॉरर मूव्ही’मध्ये (२००३) लग्नांचे चित्रण करणारा एक व्हिडिओग्राफर भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटवर स्वतःच्या हत्यांचे मुद्रण करतो आणि पाहणाऱ्याला थेट विचारतो की, तो अजून का पाहत आहे. आरोप कठोर वाटतो. परंतु तो ऐकून घेण्यानेच प्रेक्षक स्वतःला सजग समजू लागतो. ‘द पकीप्सी टेप्स’मध्ये (२००७) खुन्याच्या शेकडो फिती सापडतात व तज्ज्ञांच्या मुलाखती त्यांना गंभीर चौकट पुरवतात. येथे तज्ज्ञ हा प्रेक्षकाचा जामीनदार होतो : आपण अभ्यास करीत आहोत, अशी समजूत पटते. दोन्हीकडे कबुली मिळते, संपूर्ण कथन मात्र टळते.

याउलट जॉन मॅकनॉटन यांच्या ‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर’मध्ये (१९८६) एका कुटुंबाची हत्या आपण पाहतो, आणि मग कळते की दोघे खुनी तीच फीत आपल्याबरोबर दूरदर्शन संचावर पाहत आहेत. त्यांतील एकाला ती पुन्हा पाहायची असते. ‘मॅन बाइट्स डॉग’ (१९९२) या बेल्जियन चित्रपटात माहितीपट करणारे पथक आधी खुन्याचे पैसे स्वीकारते, मग त्याला मदत करते आणि अखेर स्वतःच गुन्हा करते. सहभाग म्हणजे केवळ नजर नव्हे. त्यात पैसा, सोय आणि सवय येते. हे तपशील उघड होतात, म्हणून ही साक्ष पूर्ण ठरते.

सहभागाचा हा आर्थिक पैलू हिंदी चित्रपटाने दिल्लीत अधिक नेमका पकडला. अनुराग कश्यप यांचा ‘देव.डी’ (२००९) आणि दिबाकर बॅनर्जी यांचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) हे रूढ अर्थाने भयपट नाहीत, त्यांत सीरियल किलरही नाही. २००४मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांची एक मोबाइल चित्रफीत पसरली, ती या दोन्हींमागे आहे. ‘देव.डी’मध्ये शरच्चंद्रांच्या चंद्रमुखीला एक पूर्वायुष्य मिळते : चित्रफीत पसरलेली, वडिलांनीही ती पाहिलेली, त्यांची आत्महत्या, आणि शेवटी पहाडगंज. नवी दिल्ली स्थानकालगतच्या, स्वस्त हॉटेलांच्या आणि येत्याजात्या माणसांच्या या वस्तीत चित्रफितीतली मुलगी जिवंत भेटते. पाश्चात्त्य भयपटात फीत सापडते तेव्हा फितीतला माणूस बहुधा मेलेला असतो. पहाडगंजात तो समोर बसलेला असतो आणि पाहणाऱ्याला ओळखतो. ‘लव्ह सेक्स और धोखा’मध्ये दुकानातल्या पाळत-कॅमेऱ्याची चित्रफीत कर्जात बुडालेला पर्यवेक्षक विकतो, पहिल्या कथेत प्रेमी युगुलाची कुटुंबीयांनी केलेली हत्या हौशी दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्यात नोंदली जाते. येथे फीत सापडत नाही, तिची विक्री होते. गुन्ह्याचे सत्र खुन्याने चालवलेले नसते. एकाच हिंसेच्या प्रती काढणाऱ्या आणि पाहणाऱ्या बाजाराने ते चालवलेले असते.

दिल्लीतच याची उलट बाजूही दिसते. ‘इंडियन प्रेडेटर : द बुचर ऑफ दिल्ली’ (२०२२) ही माहितीपट-मालिका तिहार तुरुंगाबाहेर प्रेते टाकणाऱ्या चंद्रकांत झा याच्याविषयी आहे. तिच्यात चित्रफितीची जागा पुनर्निर्मित दृश्ये घेतात. मालिकेच्या शीर्षकात खुन्याला उपाधी मिळते. मारल्या गेलेल्या गरीब स्थलांतरितांना तेथे जागा नाही. साक्षीदाराने गुन्हेगाराचेच नाव घ्यावे आणि मृतांविषयी मौन पाळावे, ही साक्ष अपुरी होय.

यावरून मूल्यमापनाचा एक निकष सुचवता येईल. प्रेक्षकावर आरोप केला, एवढ्याने अशी कलाकृती नैतिक ठरत नाही. आरोप हा या प्रकाराचा संकेतच झाला आहे. ती प्रेक्षकाकडून संपूर्ण कथन मागते काय, हे पाहावे लागते : फीत कोणी केली, कोणी विकली, कोणी विकत घेतली, आणि जिची वा ज्याची ती आहे, त्या माणसाचे पुढे काय झाले. या प्रश्नांना टाळून मिळालेली माफी कायद्याप्रमाणे समीक्षेतही रद्द होण्यास पात्र आहे.