अंबरनाथच्या भिंतीवरचा सावलीचा रंग

अंबरनाथच्या शिवालयात पोहोचलो की आपली पावलं गाभाऱ्याकडे ओढ घेतात. तरी आधी बाहेरच्या भिंतीचा एखादा कोपरा निवडून त्याच्यासमोर थोडा वेळ उभं राहावं. ही भिंत सरळ चालतच नाही. चांदणीसारख्या आराखड्यावर ती पुढे येते, मागे सरते, पुन्हा वळते. प्रत्येक कडेला सावलीची एक उभी रेघ पडते, आणि सूर्य कलेल तशी ती रुंदावत शेजारच्या घडीत मिसळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेल्या या काळ्या पाषाणाला संगमरवराची झळाळी नाही, वालुकाश्माची लाली नाही. शिल्पींनी त्याला रंग दिला तो सावलीचा!

त्या रेघांच्या आधाराने सुरसुंदरी उभ्या आहेत. कुणाचा चेहरा झिजला आहे, कुणाचे हात हरपले आहेत. पण कमरेतला तो बाक, एका पायावर तोललेला तो देह, साडेनऊशेहून अधिक पावसाळ्यांना पुसता आलेला नाही. रेषा किती खोल कोरावी, हे त्या हातांना इथल्या मुसळधार पावसानेच शिकवलं असावं, असं मला वाटतं. आतल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ आणि शिलाहार राजा मम्वाणीचं नाव येतं.

मग नजर वर न्यावी. भूमिज शैलीच्या शिखरावर मधल्या पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना इवल्या शिखरांच्या माळा चढत जातात, म्हणजे शिखरच शिखराचं अलंकरण होतं. आणि ही चढण माथा गाठण्याआधीच थांबते. या अपुरेपणाचा अर्थ आत गेल्यावर उमगतो. सभामंडपाचं कोरीव छत आपल्याला वर पाहायला लावतं, तर गाभारा सुमारे वीस पायऱ्या खाली बोलावतो; आणि त्या खोलीत, हरपलेल्या माथ्याच्या वाटेने, आकाशाचा उजेड शिवलिंगापर्यंत उतरतो. घडवणाऱ्याच्या मनात हे नसेलही, पण आज या वास्तूचा सर्वांत सुंदर क्षण मला तरी हाच वाटतो.

महाशिवरात्रीची जत्रा भक्तीसाठी. शिल्पं निरखायला मात्र साधा वार निवडा. मुख्य दार पश्चिमेला आहे, तेव्हा कलतं ऊन गाठा. आणि दर्शन झालं म्हणून लगेच स्टेशनची रिक्षा धरू नका. वालधुनीकाठच्या या देवळाला बाहेरून एक पूर्ण, सावकाश प्रदक्षिणा घाला.